अडलेला मालक आणि अडलेले कागद

२०२० सालच्या टाळेबंदीत गृहकर्जाच्या फायली गोळा करून बँकेत पोहोचवण्याचे माझे काम जवळजवळ ठप्प झाले, आणि घरात बसून मी अमेरिकेतील होलसेलिंग या व्यवसायाची माहिती देणाऱ्या चित्रफिती पाहू लागलो. त्यातील कल्पना मोहात पाडणारी होती. ज्याला घर विकण्याची निकड आहे असा मालक शोधायचा, त्याच्याशी बाजारभावापेक्षा कमी किमतीत खरेदीचा करार करायचा, आणि घर स्वतः विकत न घेता तो करारच दुसऱ्या खरेदीदाराला सोपवून मधला फरक आपण ठेवायचा. भांडवल म्हणून लागते ती फक्त विसाराची, म्हणजे सौदा ठरताना आगाऊ द्यायची, रक्कम, आणि बाकी सगळी मेहनत मालक शोधण्याची. पुढच्या वर्षी मी हे पुण्यात करून पाहायचे ठरवले. त्यात जे फसले आणि जे जमले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही गोष्ट पुण्याला नवीन नाही. वाघोली, धायरी, आंबेगाव या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार बसवणारे जुने एजंट मालकाशी ‘नेट’ भाव ठरवतात, म्हणजे मालकाच्या हातात अमुक रक्कम पडली की वरचे पैसे एजंटाचे. विसार पावतीत ‘लिहून घेणार स्वतः अथवा ते सुचवतील त्या व्यक्तीच्या नावे’ हे शब्द आपल्याकडे कित्येक वर्षे लिहिले जात आहेत, आणि करार सोपवण्याची सगळी युक्ती त्या एका वाक्यात आहे. फरक आहे तो आजूबाजूच्या कायद्याचा. चित्रफितींमध्ये जे अर्ध्या तासात शिकवले जाते, ते आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात येऊन अडते.

अडते ते मुख्यतः मुद्रांक शुल्कापाशी. पुणे महापालिकेच्या हद्दीत खरेदीखतावर, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून, ७ टक्के शुल्क पडते आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये असते. साठ लाखांच्या सदनिकेला हा खर्च साडेचार लाखांपर्यंत जातो. साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ताबा दिला असेल किंवा देण्याचे ठरले असेल, तर त्या साठेखतालाही खरेदीखताइतकेच शुल्क लागते. म्हणजे मी आधी माझ्या नावे रीतसर साठेखत नोंदवायचे आणि मग पुढच्या खरेदीदाराला द्यायचे, असे ठरवले तर माझा सगळा फरक शासनाच्या तिजोरीत जातो. नुसत्या विसार पावतीवर काम करावे, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे माझ्या हातात उरतो तो मालकाचा शब्द आणि फार तर न्यायालयात जाण्याचा अधिकार, तोही तीन वर्षांच्या मुदतीत. काही जण यावर उपाय म्हणून मालकाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे की कुलमुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी हस्तांतरित होत नाही, आणि तरीही त्या तीन कागदांची जुडी ‘पॉवरवर घेतलंय’ म्हणून अभिमानाने दाखवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

तेव्हा पुण्यात व्यवहार्य मार्ग एकच उरतो. मालकाशी अल्प मुदतीची विसार पावती करायची, त्या मुदतीत खरेदीदार आणायचा, आणि अंतिम दस्तात मालक ‘लिहून देणार’, खरेदीदार ‘लिहून घेणार’ आणि आपण ‘संमती देणार’ अशा तीन बाजू ठेवायच्या. त्यामुळे शुल्क एकदाच लागते. याचा अर्थ असाही होतो की आपल्याला मिळणारी रक्कम त्या दस्तात, मालकाच्या डोळ्यांसमोर, अंकी आणि अक्षरी लिहिली जाते. या वाक्याचा पूर्ण अर्थ मला २०२२ सालच्या मे महिन्यात कळला.

कोथरूडमध्ये लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले होते आणि दोघांना मुलाजवळ तळमजल्यावर राहायला जायचे होते. अठ्ठावन्न लाखांना व्यवहार ठरला, मी एक लाख रुपये धनादेशाने विसार दिला आणि पाच आठवड्यांत साडेएकसष्ट लाखांचा खरेदीदार आणला. मधले साडेतीन लाख माझे. गुरुजींना मी एवढेच सांगितले होते की ‘माझ्या माणसाच्या नावे दस्त होईल’. ते खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

दस्ताच्या दिवशी सर्व जण वेळेवर आले. आमचा क्रमांक यायला अवकाश होता, म्हणून गुरुजींनी पिशवीतून चष्मा काढला आणि दस्त वाचायला घेतला. अशा ठिकाणी कोणी दस्त वाचत नाही. वकील पानापानावर बोट ठेवतो आणि लोक सह्या करतात. गुरुजींनी मात्र उत्तरपत्रिका तपासावी तसा तो ओळीने वाचला, एका ठिकाणी लेखणीने समासात बारीकशी खूणही केली. सातव्या पानावर ते थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. “हे साडेतीन लाख तुम्हाला कशाबद्दल?” मी म्हणालो, व्यवहार जुळवल्याबद्दल. ते म्हणाले, “मग ती दलाली झाली. दलाली म्हणून मागितली असती तर एक टक्का मी स्वतःहून दिला असता. तुम्ही घर घेताय असं मी घरी सांगितलंय.” त्यांनी चष्मा पिशवीत ठेवला, खरेदीदाराला हात जोडून नमस्कार केला आणि ते रिक्षा करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत माझे एक लाख रुपये खात्यात परत आले, एक रुपयाही न कापता. खरेदीदाराने भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या परताव्याचा अर्ज, वकिलाची फी, त्याची दोन दिवसांची रजा, या सगळ्याचे ओझे माझ्यावर आले आणि ते योग्यच होते. न्यायालयात जाऊन करारपूर्तीचा दावा लावता आला असता, असे एका स्नेह्याने सुचवले. विसार परत स्वीकारल्यानंतर दावा कशाचा लावणार, आणि लावावा तरी कोणत्या तोंडाने, हे त्याला मी सांगत बसलो नाही.

अमेरिकेतही या धंद्यावर नेमके याच कारणाने आक्षेप घेतले गेले आहेत. तेथे इलिनॉय राज्याने २०१९ साली कायद्यात बदल करून बारा महिन्यांत एकाहून अधिक वेळा असे करार विकणाऱ्याला परवाना सक्तीचा केला आणि ओक्लाहोमा राज्यानेही २०२१ साली स्वतंत्र कायदा केला. मला चित्रफिती दाखवणाऱ्या गृहस्थांनी हा भाग वगळला होता. आपल्याकडे लक्षात ठेवायचे ते एवढे, की महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणीकृत असलेल्या प्रकल्पातील सदनिका विकायला मदत करणाऱ्याने स्वतःची एजंट म्हणून नोंदणी करून घेतलीच पाहिजे, नाही तर दर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. जुन्या इमारतींतील पुनर्विक्रीला ती अट लागू होत नाही, म्हणून नवख्या माणसाने पुनर्विक्रीपासूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन. शेतजमिनीच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असे लिहिलेले असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो.

आता मुख्य प्रश्न, मालक शोधण्याचा. मी सर्वात आधी काय केले, तर दोन हजार पत्रके छापून सिंहगड रस्त्यावर वर्तमानपत्रांतून वाटली. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘तुमची जागा रोखीने घेतो’. परदेशात रोखीने याचा अर्थ एवढाच की खरेदीदाराला कर्ज काढायचे नाही. पुण्यात ‘रोखीने’ म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येते, हे छापण्यापूर्वी माझ्या लक्षात यायला हवे होते. मला अकरा दूरध्वनी आले. त्यांतील नऊ एजंटांचे होते, एका बाईंनी रद्दी घेता का असे विचारले, आणि एक गृहस्थ ‘दोन नंबरचे किती टक्के’ यावरच अडून बसले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मी त्यांना समजावून सांगितले, त्यावर त्यांनी फोन ठेवला.

तिकडचे सत्तर टक्क्यांचे गणितही इथे चालत नाही. दुरुस्तीनंतर घराला येणाऱ्या किमतीच्या सत्तर टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि त्याहून अधिक द्यायचे नाही, असा तो हिशेब आहे. साठ लाखांची सदनिका चाळीस लाखांना द्या असे सदाशिव पेठेत कोणाला म्हणून पाहावे! शेजारच्या जिन्यातील व्यवहार कितीला झाला हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि नसले तरी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून पाहता येते. शिवाय रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे शासनाने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा, फार कमी किमतीत व्यवहार दाखवला, तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्याच किमतीवर भरावे लागते, आणि तफावत दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली की आयकराच्या दृष्टीने घेणारा व विकणारा दोघेही अडचणीत येतात. म्हणून पुण्यात फरक मिळतो तो फार तर पाच-सहा टक्क्यांचा, आणि तोही मालकाच्या अज्ञानातून मिळत नाही.

मग तो कशातून मिळतो? चार वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे, की ज्याला पैशाची घाई आहे त्या मालकापेक्षा ज्याचे कागद अडले आहेत तो मालक शोधावा. पैशाची घाई असलेल्या माणसाभोवती आधीच दहा जण जमलेले असतात, आणि ‘अडला हरी’ पाहून भाव पाडणाऱ्यांच्या त्या रांगेत उभे राहणे मला जमत नाही. कागद अडलेल्या मालकाकडे मात्र कोणी फिरकत नाही, कारण एजंटाला महिनाभरात दलाली हवी असते आणि बँक अशा घरावर कर्ज देत नाही. तेथे कागद सोडवून देण्याचे जे काम आहे, त्याचा मोबदला म्हणून पाच टक्के मागताना आवाज खाली करावा लागत नाही.

असे मालक सापडण्याची पहिली जागा म्हणजे रोजच्या मराठी वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसांचे पान. बहुतेक नोटिसा खरेदीदाराच्या वकिलाने दिलेल्या असतात, म्हणजे व्यवहार आधीच ठरलेला असतो. त्या सोडून द्याव्यात. गृहरचना संस्थेने मृत सभासदाच्या वारसांकडून हरकती मागवणारी नोटीस, किंवा मूळ करारनामा गहाळ झाल्याची नोटीस, मात्र कापून वहीत चिकटवावी. बँकांच्या ताबा नोटिसाही तेथेच येतात. थकीत कर्जासाठी बँक आधी साठ दिवसांची मागणी नोटीस देते, त्यानंतर ताब्याची, आणि पुढे लिलावाची. कर्जदाराला सगळी थकबाकी भरून घर सोडवता येते ते लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. त्याआधीच्या काळात बँकेचे लेखी पत्र घेऊन, खरेदीदाराचा पैसा थेट कर्जखात्यात भरून व्यवहार करता येतो, आणि कर्जदाराच्या हाती लिलावातून उरले असते त्याहून पुष्कळ अधिक उरते. असा व्यवहार मी एकच केला. त्या घरातले वातावरण इतके जड होते की दुसऱ्याच्या वाटेला मी गेलो नाही. ज्यांचे मन अधिक घट्ट असेल त्यांनी करावा.

दुसरी जागा म्हणजे आपले पाय. सकाळी सातला सहकारनगर किंवा कर्वेनगरच्या गल्ल्यांतून चालत गेले की बंद घर ओळखू येते. दाराच्या कडीला दुधाची पिशवी नसते, गॅलरीतल्या कुंड्या वाळलेल्या असतात, पत्रपेटीतून वीजबिले बाहेर डोकावत असतात. रखवालदाराला विचारले तर तो प्रथम संशयाने पाहतो, तिसऱ्या खेपेला मात्र चहा घेता घेता सगळे सांगतो. अशा घरांचा मालक बहुधा परदेशात असतो, आणि त्याची अडचण भावाची नसून अंतराची असते. तेथून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते हे त्याला माहीत नसते, आणि अनिवासी मालकाकडून घर घेताना खरेदीदाराला कापावा लागणारा कर नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच अधिक असतो हे ऐकून खरेदीदार पळ काढतो. या दोन गोष्टी नीट समजावून सांगणारा सनदी लेखापाल ओळखीचा असेल, तर निम्मे काम झाले.

पेठांतील वाड्यांविषयी अनेक जण विचारतात. मिळकतपत्रिकेवर चौदा नावे, त्यांपैकी चार हयात नाहीत, आणि खाली तीन पिढ्यांचे भाडेकरू. सुरुवात करणाऱ्याने तिकडे फक्त दगडी चौक पाहायला जावे.

सर्वाधिक व्यवहार मला मिळाले ते वारसांच्या घरांतून. वडील गेले, सोसायटीच्या दप्तरी थोरल्या मुलाचे नामनिर्देशन आहे, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटते की घर आपले झाले. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून सर्व वारसांच्या वतीने सभासदत्व सांभाळणारी असते, हे त्याला पहिल्यांदा सांगणारा माणूस बहुधा मीच असतो, आणि तो क्षण सुखद नसतो. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात त्यांच्या पश्चात बहिणीचा आणि आईचा वाटा असतोच. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘बहिणीची सही काय, ती देईलच’ असे म्हणणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले. त्या बहिणीला प्रत्यक्ष भेटेपर्यंत मी विसार देत नाही, कारण एकदा दिलेली पन्नास हजारांची रक्कम परत मिळवायला मला चौदा महिने लागले होते.

मालकाची निकड खरी आहे की नाही, हे ओळखण्याची माझी एक खासगी कसोटी आहे. भाद्रपदाच्या उत्तरार्धात, ऐन पितृपक्षात, मी विसाराचा विषय काढतो. ‘दसऱ्याला बघू’ म्हणणारा मालक बाजारभाव चाचपत असतो. ‘सर्वपित्रीच्या आधी घेऊन टाकू’ म्हणणाऱ्याला खरोखर विकायचे असते. शास्त्राला हे मान्य नसेल, पण माझ्या वहीत ही कसोटी क्वचितच चुकली आहे.

गुरुजींच्या प्रसंगानंतर माझ्या विसार पावतीत एक कलम कायमचे आले आहे. लिहून घेणार हे ही मिळकत स्वतःसाठी घेत नसून मुदतीत खरेदीदार आणणार आहेत, कागदपत्रांच्या पूर्ततेचा सर्व खर्च ते करतील, आणि ठरलेल्या किमतीवर मिळणारी रक्कम त्यांची राहील, हे लिहून देणार यांना वाचून दाखवले असून मान्य आहे, असा त्याचा मजकूर आहे. गेल्या वर्षी नऊ मालकांना मी ते वाचून दाखवले. तिघांनी तेथेच नकार दिला, एकाने माझ्या रकमेवर मर्यादा घातली, पाच जणांनी सही केली. दस्ताच्या दिवशी उठून गेलेले मात्र त्यांत कोणी नाही.

सध्या धनकवडीतील एका सदनिकेचे काम हातात आहे. दोन भाऊ येथे आहेत, बहीण सोलापूरला. तिने वाटा न घेता हक्कसोडपत्र द्यावे असे भावांचे म्हणणे होते, मी सोलापूरला जाऊन भेटलो तेव्हा ताई म्हणाल्या, “मला फुकट सोडायचं नाही आणि भांडायचंही नाही, आईच्या औषधांना मी दिलेले पैसे तेवढे परत द्या.” ती रक्कम दोन लाख दहा हजार निघाली आणि भावांनी आठवडाभर विचार करून ती मान्य केली. आता मोबदल्याचा उल्लेख असलेला मसुदा वकिलांकडे तयार होत आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीने ताई स्वारगेटला उतरतील. मूळ आधार कार्ड बरोबर ठेवा, छायाप्रत चालत नाही, असे मी त्यांना दोनदा फोन करून सांगितले आहे.